८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ सतत अडकतो. रॅम न वाढवता काही करता येईल का?

येईल, पण आधी एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा आभासी फोन, सोडा. अधिकृत गरजांमध्येही ८ जीबी ही नुसत्या स्टुडिओसाठीची किमान मर्यादा आहे, एम्युलेटरसकट १६. खरा फोन जोडा. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. फोन स्टुडिओत दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहा. काही केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात.

खरी मेख मात्र मेमरीच्या वाटणीत आहे. बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) चालू असताना जावाच्या तीन प्रोसेस रॅम खातात: स्टुडिओ स्वतः, ग्रॅडल डेमन (पार्श्वभूमीत राहून बिल्ड करणारा) आणि कोटलिन डेमन (कोटलिन भाषेतला कोड कंपाइल करणारा). बिल्ड हळू होतो म्हणून ग्रॅडलची हीप (जावा प्रोसेसला मिळणारी मेमरी) ४ जीबी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि ८ जीबीच्या मशीनवर तोच घात करतो. कोटलिन डेमनला वेगळं काही सांगितलेलं नसेल तर तो ग्रॅडलचीच मर्यादा उचलतो. म्हणजे दोघं मिळून ८ जीबीपर्यंत जाऊ शकतात, मग सिस्टीम डिस्कवर स्वॅप करू लागते, म्हणजे रॅमची कमी डिस्कने भागवू लागते, आणि माउससुद्धा हलेनासा होतो.

प्रोजेक्टच्या ग्रॅडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये जेव्हीएम आर्ग्युमेंट्सची (जावाला किती मेमरी द्यायची वगैरे सूचनांची) ओळ असते. नव्या प्रोजेक्टमध्ये तिथे २०४८ एमबी असतात, ते तसेच ठेवा. त्याखाली कोटलिन डेमनसाठी वेगळी ओळ लिहून १०२४ एमबी द्या. प्रोजेक्ट मोठा असेल तर १५३६. या आकड्यांच्या खाली जाऊ नका. हीप अपुरी पडली की गार्बेज कलेक्शन (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणं) थांबतच नाही, प्रोसेसर पूर्ण गुंततो आणि बिल्ड आणखी रेंगाळतो.

दुसरी गळती सहसा लक्षात येत नाही. टर्मिनलमधून ग्रॅडल चालवताना जेडीके (जावाचा संच) स्टुडिओपेक्षा वेगळा असेल तर दुसरा डेमन उभा राहतो, आणि रिकामा बसला तरी तीन तास जात नाही. ग्रॅडलच्या स्टेटस कमांडने किती डेमन चालू आहेत ते कळतं, स्टॉप कमांडने ते बंद होतात. कायमचा उपाय म्हणजे स्टुडिओच्या ग्रॅडल सेटिंग्जमधला जेडीके आणि टर्मिनलचा जावा होम (जेडीके कुठे आहे ते सांगणारी सेटिंग) एकच ठेवणं.

एवढं झाल्यावर बिल्ड ॲनालायझर उघडा, वेळ नेमका कोणत्या टास्कमध्ये जातो ते तो दाखवतो. रूम किंवा हिल्ट या लायब्ररी अजून केॲप्टवर (त्यांच्यासाठी जादा कोड आपोआप बनवणाऱ्या जुन्या टूलवर) असतील तर तेच नाव वर दिसण्याची शक्यता मोठी, कारण केॲप्ट आधी कोटलिन कोडचे जावा स्टब (पोकळ सांगाडे) बनवतो. त्याच्या जागी आलेल्या केएसपीवर जा, ही पायरीच गळते. आधी केलेलं काम साठवून पुन्हा वापरणारे कॉन्फिगरेशन कॅश आणि बिल्ड कॅशही चालू करा.

आणि दर वेळी ‘क्लीन प्रोजेक्ट’ दाबायची सवय असेल तर ती सोडा. तयार झालेलं सगळं पुसलं जातं आणि पुढचा बिल्ड बराचसा मुळापासून करावा लागतो.