स्टँडआधी झाड बघ

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला बसणार असशील, तर स्टँड (झाडावर बसून वाट बघायची बैठक) विकत घेण्याआधी रानातली झाडं बघून ये. बुंधा सरळ आणि वरपर्यंत बिनफांदीचा असेल तरच क्लायंबर, म्हणजे बुंध्याला धरून आपल्यासोबत वर सरकवायचा स्टँड, चालतो. वेडावाकडा ओक असेल तर बुंध्याला बांधायचा टांगता स्टँड आणि चढायला जोडशिड्या (शिडीचे सुटे तुकडे) घे. नवख्याला मी शिडी जोडलेला लॅडर स्टँडच सुचवेन.

ॲशचं झाड मात्र टाळच. एमराल्ड ॲश बोरर या भुंगेऱ्याच्या अळ्यांनी ही झाडं सालीखालून पोखरून मारली आहेत आणि मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. शॅगबार्क हिकरी या झाडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. क्लायंबरची पकड बसत नाही, वर करकर वेगळी.

उंचीचा हव्यास नको. 15 ते 20 फूट पुरे. हरीण अगदी जवळ असताना फार उंचावरून बाण इतका उभा जातो की दोन्ही फुप्फुसं भेदणं कठीण होतं, आणि जखमी जनावर तडफडत निघून जातं. ते होता कामा नये. पाठीशी हेमलॉकसारख्या सदाहरित झाडांची दाटी असू दे. वारा हरणाच्या वाटेकडून तुझ्याकडे यायला हवा.

पाय जमिनीवरून उचलण्याआधीच हार्नेस (अंगावरचा सुरक्षापट्टा) लाइफलाइनला, म्हणजे झाडाला बांधलेल्या सुरक्षादोराला, अडकव. धनुष्य मागाहून दोरीने ओढून घे.