दिग्दर्शन तुझं, पण कान कुणाचे?

हरिपूरच्या एका मुलीचं पत्र आलंय. सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. मित्रमैत्रिणींना घेऊन तिने 11 मिनिटांची शॉर्ट फिल्म केली, हळदीच्या पेवांवर (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर) आयुष्य काढलेल्या आपल्या आजोबांवर. त्याच सत्रात 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' हा विषय राहिला. वडील म्हणतात, सिनेमाच्या नादात वर्ष घालवलंस. आता इंटर्नशिपच्या अर्जासोबत 'फिल्म करताना काय शिकलात' यावर तिला एक पान द्यायचंय. तिने मुद्दे काढलेत: टीमवर्क, लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट, कम्युनिकेशन. विचारते, एवढं पुरेल का? आणि पुढे एफटीआयआयचा, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, विचार करू का?

अगं, हे चार शब्द गणपती मंडळाची वर्गणी गोळा करणाराही लिहितो, आणि ज्याने काहीच केलेलं नाही तो तर सगळ्यात आधी लिहितो. खोडून टाक. तुझं खरं पान तुझ्याच पत्रात आहे, मागच्या बाजूला, 'उगाच लांबण लावतेय' असं म्हणून तू लिहिलेलं.

आजोबा ओसरीवर बसून 2005च्या महापुरात पेवांत पाणी कसं शिरलं ते सांगताहेत, आणि दर दोन-तीन मिनिटांनी उसाचा ट्रॅक्टर जातोय. दोन ट्रॉल्या, वर कर्णे, डीजेची गाणी. शूटिंगचा पहिला दिवस वाया. दुसऱ्या दिवशी तू कॅमेरा बाहेर काढलाच नाहीस. वही घेऊन दिवसभर रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलीस आणि कुठला ट्रॅक्टर किती वाजता गेला ते लिहीत राहिलीस. दुपारी दोन ते साडेतीन रस्ता मोकळा असतो हे कळल्यावर सगळं शूटिंग त्या दीड तासात बसवलंस. शिवाय आजोबा उठून आत गेल्यावर रिकाम्या ओसरीचा दोन मिनिटांचा आवाज वेगळा घेतलास, कारण एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये मागची शांतता तुटत होती. साउंडवाले याला रूम टोन म्हणतात. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हेच लिही. वहीतल्या त्या पानाचा फोटो जोड. टाइम मॅनेजमेंट हा शब्द न वापरता ते दिसेल.

चूकही लिही. पहिल्या दिवसाच्या क्लिप्स लॅपटॉपवर नीट उतरल्यात का हे न बघता फोनमधून उडवल्यास, आणि आजोबांचं कंदिलाचं बोलणं गेलं (पेवात उतरण्याआधी हवा बघायला कंदील सोडायचे, तो विझला तर उतरायचं नाही). त्यानंतर रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी आणि प्रत्येक फाइल उघडून बघणं सुरू केलंस. मी कॉलेजात एकांकिकांना लाइट्स करायचो, तेव्हा ऐन प्रवेशात फ्यूज उडवला होता. पुढच्या प्रयोगापासून प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी लावून वॅट लिहायला लागलो. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि समोरचे गृहस्थ पहिल्यांदाच कागदावरून मान वर करून ऐकायला लागले.

आता जरा वेगळं बोलतो. दिग्दर्शन मी केलं असं तू लिहितेस. पण स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत होतं, त्यावर पत्रात एकच ओळ: 'मित्राने सेटिंग बदललं.' आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. कॅमेऱ्याचं शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदाला ठेवलं की फडफड थांबते. यात तुला काडीचा रस वाटला नाही. उलट पिशवीत फोन घालून रिकाम्या पेवात सोडला आणि वरून हाक मारली, त्यावर अर्धं पान! हाक कशी घुमून परत आली, चिंध्यांचं बोचकं सोडल्यावर ती कशी बदलली. पोरी, तुझा जीव आवाजात आहे. आणि विषय राहिला कुठला, तर सिग्नल्स. हसू आलं मला, रागावू नकोस.

ते पेवाचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघड, आवाज एडिट करायचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हिडिओचा आवाज सहसा सेकंदाला 48,000 नमुन्यांनी घेतात. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने का लागतात, हा तुझ्या पेपरातलाच प्रश्न. स्वयंपाकघरातल्या क्लिपचा स्पेक्ट्रम काढ, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख. विजेची घरघर असेल तर 50 आणि 100च्या आसपास काटे उभे दिसतील. पेवातली हाक म्हणजे तर कन्व्होल्यूशनच, मूळ आवाजावर जागेच्या घुमण्याचा ठसा. पुस्तकातली ती समीकरणं या फायली समोर ठेवून पुन्हा वाच.

एफटीआयआयचं म्हणशील तर साउंडचा तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीनंतरचा. बारावीला भौतिकशास्त्र लागत आलंय, ते तुझं आहेच. प्रवेशाची जाहिरात निघाली की अटी स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. पण अभ्यासक्रम पदवीनंतरचा, म्हणजे विषय सोडवून डिग्री हातात घ्यायला लागणारच. इतपत वडिलांचं बरोबर आहे.

बाकी त्यांच्याशी वाद घालू नकोस. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच नाटक उभं केलं वगैरे सांगायला जाशील, तर ते भाव्यांनाही दोन शब्द सुनावतील. त्यांना ती ट्रॅक्टरची वही दाखव. आणि फिल्म एकदा हेडफोन लावून ऐकव. त्यांच्या वडिलांचा आवाज आहे तो.

पुनर्परीक्षेचा फॉर्म भरलास का, हे पत्रात कुठेच नाही. आधी ते बघ.