फोन मॉनिटरला लावण्याआधी कार्डाचं बिल काढा

घणसोलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला, हातात पगार ६२ हजार, घराचा हप्ता १९ हजार. पत्नी घरून हिशेबाचं काम करतात. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या चार व्यापाऱ्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी रिटर्न त्यांच्याकडे आहेत, त्यातून महिन्याला १४ हजार येतात. मुलगा नववीत आहे. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"घरातला दहा वर्षं जुना कॉम्प्युटर गेल्या महिन्यात बंद पडला, मदरबोर्ड गेला म्हणतात. सध्या मिसेस मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम भागवते. माझा फोनही तीन वर्षांचा झाला. दोन वस्तू घेण्यापेक्षा ८५ हजारांचा एकच भारी फोन घ्यावा असं मनात आहे. हबने मॉनिटरला जोडला की तो कॉम्प्युटरसारखाच चालतो, दुकानात लावून दाखवला. फोन क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेईन, बोनसचे ३० हजार आहेत त्यात मोठा मॉनिटर, हब, कीबोर्ड-माउस. मी संध्याकाळी घरी आलो की फोन लावायचा, मिसेसचं काम आणि मुलाचा अभ्यास दोन्ही होईल. हप्त्याची अडचण नाही. कार्डावर १ लाख ६० हजार बाकी आहेत, पण एकही महिना चुकवलेला नाही, किमान रक्कम तारखेच्या आत भरतो. अडीच लाखांची एफडी मुलाच्या अकरावीसाठी आहे, तिला हात लावत नाही. वर्षाला ६० हजारांची पॉलिसीही आहे, ती पिकली की सगळं फिटेल. हा फोन घेणं शहाणपणाचं ठरेल का?"

नाही. फोन घेऊ नका, आणि हे मी फोनला नावं ठेवून सांगत नाही.

फोन मॉनिटरला लावून काम करण्याची कल्पना जुनी आहे. मोटोरोलाने २०११ मध्ये एट्रिक्स फोनसोबत ती आणली, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० सोबत. दोन्ही प्रयोग टिकले नाहीत. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ बरोबर डेक्स आणलं, ते मात्र टिकलं आणि वर्षागणिक सुधारलं. आज त्यावर ब्राउझर, ईमेल, गूगल शीट्स, पीडीएफ, ऑनलाइन क्लास हे सगळं वेगवेगळ्या खिडक्यांत नीट चालतं. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्याला ते पुरतंसुद्धा. तेव्हा दुकानात तुम्हाला दाखवलं ते खोटं नव्हतं.

पण वहिनींचं काम ब्राउझरमधलं नाही. टॅली विंडोजवर चालते, फोनमधल्या अँड्रॉइडवर नाही. जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोजसाठी आहे. चारपैकी एखादा व्यापारी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर रिटर्नला डिजिटल सही लागते, आणि त्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर फोनवर बसत नाही. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या सूचना, मोबाइलच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. यावर दुकानदार सांगेल की टॅली क्लाउडवर घ्या आणि फोनवरून तिथे जोडा. तसं करता येतं, पण मग तुम्ही ८५ हजारांचा फोन घेऊन वर दुसऱ्याच्या विंडोजचं भाडं दर महिन्याला भरणार.

आणि त्याहून साधी गोष्ट. तुम्ही सकाळी घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडलीत की घरातला कॉम्प्युटरही तुमच्या खिशातून ठाण्याला गेला. वहिनींना कामाला वेळ मिळतो तो दुपारी, आणि व्यापाऱ्यांचे फोन येतात तेही दिवसाच. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ११ तारीख जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाची, आणि २० तारीख जीएसटीआर-३बी ची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी व्यापाऱ्याला बसते, आणि दोनदा बसली की तो दुसरा माणूस शोधतो. रात्री आठनंतर एकच स्क्रीन, त्यावर बायकोचं काम, मुलाचा अभ्यास आणि मधेच तुम्हाला ऑफिसचा फोन. वर्षाला १ लाख ६८ हजार आणणाऱ्या कामाचं साधन तुम्ही स्वतःच्या खिशात ठेवायला निघाला आहात. तुमच्या पत्रात वहिनींचं मत कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं. त्यांना विचारलं असतंत तर टॅलीचा मुद्दा त्यांनीच पहिल्या वाक्यात सांगितला असता.

मदरबोर्ड गेला, जुना मॉनिटर चालू आहे असं मी धरतो. मग बोनसच्या ३० हजारांत काम होतं. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला मिनी पीसी घ्या किंवा वॉरंटीवाला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) डेस्कटॉप. रिफर्बिश्डमध्ये इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर सोडून द्या. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लोकांच्या हिशेबाचं काम अशा मशीनवर करू नये. तुमच्या फोनची बॅटरी बदलून घ्या, अजून दोन वर्षं चालेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे झालं. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवर येतो.

"एकही महिना चुकवलेला नाही." हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे, आणि पत्रातली सगळ्यात महागडी चूक त्यातच आहे. किमान रक्कम भरली की लेट फी टळते. व्याज टळत नाही. बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. १ लाख ६० हजारांवर ते होतं ५,६००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी हजार. महिन्याला ६,६०० झाले. किमान रक्कम साधारण पाच टक्के धरली तर तुम्ही भरता ८,०००. त्यातून कर्ज कमी होतं फक्त १,४०० रुपयांनी. वर्षाचं व्याज आणि जीएसटी मिळून ७९ हजार. जो फोन घ्यायला तुम्ही बारा महिन्यांचे हप्ते बांधून घेणार आहात, त्याची जवळजवळ पूर्ण किंमत तुम्ही दरवर्षी बँकेला देताय, आणि घरात काहीच येत नाही.

दुसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर भरलेलं किराण्याचं बिल त्याच दिवसापासून व्याजाला लागतं. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलावरच छापलेला असतो. तुमचं मागचं बिल काढा आणि वाचा.

अशा कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घेणं तर फारच वाईट. नो-कॉस्टमध्ये व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवतात. ८५ हजारांवर ते व्याज सात हजारांच्या घरात येतं, त्यावरचा जीएसटी हजार-बाराशे तुम्हीच भरता, प्रोसेसिंग फी वेगळी, रोखीची सूट मिळणार होती ती गेली. हप्ता किमान रकमेत मिळवला जातो, म्हणजे आज आठ हजारांत सुटणारं बिल पंधरा हजारांवर जाईल. एखाद्या महिन्यात तेवढे जमले नाहीत की तुमचा चुकवण्याचा पहिला महिना आला.

आता ती एफडी. पावणेसात टक्के धरले तर तिच्यातले १ लाख ६० हजार वर्षाला ११ हजार कमावतात. तेवढ्याच रकमेवर कार्ड ७९ हजार घेतं. मुलाच्या अकरावीसाठी म्हणून ठेवलेला पैसा त्याच्याच अकरावीचं नुकसान करतोय, वर्षाला ६८ हजारांचं. मुदतीआधी मोडल्याचा दंड हजार-दोन हजारांपलीकडे जाणार नाही. या आठवड्यात एफडीतून १ लाख ६० हजार काढा आणि कार्ड पूर्ण फेडा. अर्धवट मोडू देत नसतील तर सगळी मोडा आणि उरलेल्या ९० हजारांची नवी करा. दोन-चार दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येईल, तेही पूर्ण भरा. मग ऑटो-डेबिटमध्ये 'किमान रक्कम' काढून 'पूर्ण रक्कम' निवडा.

एफडी मोडताना जीव खालीवर होतो, हे मला समजतं. पण आकडा बघा. किमान रकमेचे आठ हजार वाचले. फोनचा हप्ता झेपेल असं तुम्हीच म्हणता, ते सात हजार. दोन्ही मिळून १५ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकलेत तर अकरा महिन्यांत ते १ लाख ६० हजार परत उभे राहतात. मुलाच्या अकरावीला तेवढा वेळ आहे. एक अट मात्र आहे. ही बाकी कशामुळे साठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. गेल्या वर्षभराची बिलं वहिनींसमोर मांडा, त्या लोकांचे हिशेब लावतात, घरचा त्यांना अवघड नाही. दर महिन्याचा खर्चच पगारापेक्षा जास्त असेल तर कार्ड पुन्हा भरेल, आणि तेव्हा मोडायला एफडी नसेल.

राहिली पॉलिसी. तुम्ही जोडलेल्या कागदानुसार बारा वर्षं ६० हजार भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी ११ लाख मिळायचे. बँकेतल्या अधिकाऱ्याने "गॅरंटीड दीडपट" सांगून ती गळ्यात मारली. ७ लाख २० हजारांचे ११ लाख, दीडपट खरंच, पण पंधरा वर्षांत. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास बसतो. तुमची एफडी त्याहून जास्त देते. आणि साडेचार टक्क्यांच्या पॉलिसीतून बेचाळीस टक्क्यांचं कर्ज फिटेल ही आशा आजच सोडा. बाकी एवढीच राहिली तर तोवर कार्डाने त्या ११ लाखांच्या जवळपास व्याज घेतलेलं असेल.

मला त्या साडेचार टक्क्यांपेक्षा विम्याच्या रकमेचा राग येतो. विमा आहे ६ लाखांचा, म्हणजे तुमच्या दहा महिन्यांच्या पगाराएवढाही नाही. डोक्यावर घराचं कर्ज, नववीतला मुलगा, आणि समोरच्या माणसाने तुम्हाला हे विकलं. एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) साठीपर्यंत घेतलात तर निरोगी आणि तंबाखू न खाणाऱ्या माणसाला वर्षाला २० हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. अर्जात सगळं खरं लिहा, शुगर-बीपी असेल तर तेही.

पॉलिसीचा तिसरा हप्ता जानेवारीत आहे असं कागदावर दिसतं. त्याआधी टर्म विमा हातात आला पाहिजे, जुनी पॉलिसी त्यानंतरच थांबवायची. विमा कंपनीला ईमेल करून दोन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती, आणि पुढे न भरता पेड-अप ठेवली तर पंधराव्या वर्षी किती. बँकेतल्या अधिकाऱ्याकडून तोंडी आकडा घेऊ नका, तो तुम्हाला "अजून एकच वर्ष भरा" म्हणेल. दोन्ही आकडे लेखी आले की मला पाठवा, काय करायचं ते तेव्हा ठरवू.