कारागिरांचे प्रश्न : हवेवर चालणारी नेल गन

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील सेलू येथे माझे सुतारकामाचे दुकान आहे. प्लायवूडच्या कामासाठी १८ गेजची नेल गन आणि २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर नुकताच घेतला. पण विक्रेत्याने जोडणी करून दाखवली नाही. जोडणी कशी करावी आणि दाब किती ठेवावा? आमच्याकडे पाडलेल्या माळवदांचे जुने सागवानही येते. त्यावर ही गन चालवता येईल का?

उत्तर : आपण खिळा ठोकण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले केले. या हत्याराला विजेच्या हत्यारासारखे बंद करण्याचे बटण नसते. नळी जोडलेली असेपर्यंत ते भरलेलेच समजावे लागते. म्हणून सर्वांत आधी नळी आणि गन यांचा सांधा पाहावा. सरकती कडी असलेला मादी कपलर नळीच्या टोकाला आणि आरपार उघडा असणारा नर प्लग गनला बसवलेला असला पाहिजे. मादी कपलरमध्ये झडप असते व नळी सुटताच ती बंद होते. त्यामुळे नळीतली हवा नळीतच राहते आणि गनमध्ये उरलेली हवा उघड्या प्लगमधून निघून जाते. हीच जोडणी उलटी झाली, तर नळी काढल्यानंतरही गनमध्ये दाब कोंडून राहतो आणि रिकामी समजून हातात घेतलेल्या गनमधून खिळा सुटू शकतो. मी पाहिलेल्या अनेक दुकानांत, हाताशी आला तो भाग बसवल्यामुळे, नेमकी ही चूक झालेली असते.

टाकीच्या तोंडाशी दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी गाळणारा फिल्टर असावा. लहान कॉम्प्रेसरची मोटार साधारणपणे टाकीत ८ किलोच्या आसपास दाब झाला की थांबते (येथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय). तो सगळा दाब थेट गनला देऊ नये. बहुतेक नेल गन ४ ते ७ किलोंच्या दरम्यान काम करतात आणि कमाल दाब गनच्या अंगावर छापलेला असतो. तो ओलांडायचा नाही. सुरुवात ४ किलोंवर करावी, ज्या लाकडावर काम करायचे त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर खिळा मारून पाहावा, डोके वर राहिले तर दाब थोडा थोडा वाढवावा आणि डोके पृष्ठभागाच्या किंचित आत गेले की तेथेच थांबावे. जास्त दाबाने काम सुधारत नाही; पातळ प्लायमधून खिळा आरपार जातो आणि गनच्या आतील रबरी भाग लवकर झिजतात.

पहिल्यांदा नळी जोडताना गन रिकामी असावी, तोंड जमिनीकडे असावे आणि बोट ट्रिगरपासून दूर असावे. कोठून हवा सुटल्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. खिळे नळी जोडण्यापूर्वी भरायचे की नंतर, याबाबत उत्पादकांच्या सूचना वेगवेगळ्या असतात: काहींना भरताना गन हवेपासून तोडलेली हवी असते, तर काहींना जोडण्याच्या क्षणी खिळा सुटू नये म्हणून आधी जोडणी हवी असते. आपल्या गनसोबतच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. नाकाचे टोक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटू न देणारी यंत्रणा आपल्या गनमध्ये आहे का, हेही पाहावे. काही लहान गनमध्ये ती नसते, केवळ ट्रिगर अडवणारी कळ असते. अशी गन मी नवशिक्याच्या हाती देणार नाही.

दररोज सकाळी हवेच्या तोंडात नेल गनसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब घालावेत, मात्र गन बिनतेलाची असल्यास घालू नयेत. इंजिन ऑइल वापरू नये. संध्याकाळी टाकीच्या तळाची झडप उघडून पाणी काढावे. पावसाळ्यात ते आश्चर्य वाटावे इतके निघते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि विजेचा दाबही अनेकदा कमी असतो. अशा वेळी बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन जोडल्यास मोटार तापते. त्यापेक्षा कॉम्प्रेसर सावलीत, बोर्डाजवळ ठेवून हवेची नळी लांब घ्यावी.

माळवदाच्या जुन्या तुळया आणि कड्या यांच्याबाबत मात्र मला आपल्याला थांबवावेसे वाटते. त्या लाकडात गंजून लाकडाच्याच रंगाचे झालेले जुने लोखंडी खिळे बसलेले असतात. १८ गेजचा खिळा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. तो लोखंडावर किंवा कठीण गाठीवर आदळला की आतल्या आत वळून लाकडाच्या बाजूने बाहेर येतो, आणि तेथे बहुधा लाकूड धरलेला आपला दुसरा हात असतो. जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवावे. तरीही अशा सागवानाला आणि बाभळीला ड्रिलने भोक पाडून स्क्रू लावणेच मला योग्य वाटते. नव्या लाकडावरही दुसरा हात खिळ्याच्या जागेपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवावा किंवा तुकडा शिकंजात धरावा. बाजूनेही झाकलेला चष्मा आणि कानात प्लग हवेतच.

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी आम्ही लाकडी पॅलेट तयार करतो. मजुरी नगावर असल्याने कामगार ट्रिगर दाबून धरतात आणि गन आपटत खिळे मारतात. एकेक खिळा मारण्याचा ट्रिगर बसवल्यास उत्पादन फार घटेल का?

उत्तर : अमेरिकेतील ओशा आणि नायोश या सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार, आपटून चालणाऱ्या ट्रिगरमुळे इजा होण्याचा धोका क्रमाने चालणाऱ्या (आधी नाक टेकवून मग ट्रिगर दाबल्यावर एकच खिळा सोडणाऱ्या) ट्रिगरच्या दुप्पट असतो. कारण सरळ आहे: गन धक्क्याने मागे उसळते, बोट ट्रिगरवरच असते आणि नाक पुन्हा कोठेही टेकले, मग ते स्वतःच्या मांडीला का असेना, की दुसरा खिळा सुटतो. त्याच मार्गदर्शिकेत अनुभवी सुतारांकडून एकसारख्या लाकडी शेड बांधून घेतलेल्या चाचणीचा उल्लेख आहे. आपटण्याच्या पद्धतीने खिळे मारण्याचा वेळ सरासरी १० टक्क्यांनी वाचला, पण एकूण कामात ती बचत १ टक्क्याहूनही कमी ठरली. पॅलेटच्या कामात खिळे मारण्याचाच वाटा मोठा असल्यामुळे आपला तोटा त्याहून अधिक असेल, हे मी नाकारत नाही. परंतु तो तोटा मालकाने नगाच्या दरात वाढ करून स्वतः सोसावा. कामगाराच्या बोटांवर टाकू नये. अडकलेला खिळा काढताना, जागा बदलताना आणि शिडी चढताना नळी काढण्याचा नियम उद्यापासूनच लावावा. नाकाची यंत्रणा तारेने बांधलेली गन दिसली, तर ती त्याच क्षणी कामातून बाजूला काढावी.

प्रश्न : वीज गेल्यावर शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातील ऑक्सिजन सिलिंडरवर गन चालवता येईल का?

उत्तर : कदापि नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब सुमारे १५० किलो असतो आणि गनमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन व तेल एकत्र आल्यास स्फोट होतो. कोणताही बाटलीबंद वायू या गनला जोडू नये.

प्रश्न : खिळा हातात घुसल्यास प्रथम काय करावे?

उत्तर : गनची नळी काढावी आणि खोल घुसलेला खिळा स्वतः उपटू नये. खिळे पट्टीत जोडून ठेवणाऱ्या डिंकाचा किंवा कागदाचा अंश आत राहू शकतो, आणि उपटताना शीर किंवा स्नायूबंध अधिक फाटू शकतो. हात स्थिर ठेवून, खिळ्याभोवती स्वच्छ कापड हलके गुंडाळून रुग्णालयात जावे. छातीत, पोटात, मानेत, डोक्यात किंवा डोळ्यात खिळा गेल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखम लहान दिसली तरी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, कारण हाडापर्यंत गेलेला खिळा बाहेरून केवळ ठिपक्याएवढा दिसतो. सोबत खिळ्यांच्या त्याच पट्टीतील एक न वापरलेला खिळा न्यावा, म्हणजे आत किती लांबीचा आणि कोणत्या आकाराचा खिळा आहे, हे डॉक्टरांना कळेल. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली होती, तेही सांगावे.