'नाविन्य' नको, नवोन्मेष लिहा

प्रश्न आला आहे : 'लोकसंख्या आणि इनोव्हेशन यांवर देशाची दीर्घकालीन आर्थिक वाढ कशी ठरते, यावर लिहितो आहे. इनोव्हेशनला नाविन्य म्हणू, नवप्रवर्तन की नवोन्मेष?'

आधी हे की 'नाविन्य' असा शब्दच नाही. प्रवीण–प्रावीण्य, तसे नवीन–नावीन्य. वी दीर्घ! रोज कुठे ना कुठे ती ऱ्हस्व दिसते आणि डोळ्यांत खुपते. शिवाय नावीन्य म्हणजे नुसता नवेपणा. तो शब्द बाद.

नवोन्मेष घ्या. संस्कृतात 'मिष्' हा पापण्यांच्या उघडझापीचा धातू. पापणी मिटली की निमेष. आपले 'निमिष' म्हणजे ती लवायला लागतो तेवढा वेळ. देवांची पापणी लवतच नाही, म्हणून ते अनिमिष. आणि पापणी उघडली की उन्मेष! संस्कृत काव्यशास्त्रकार भट्ट तौताने प्रतिभेला 'नवनवोन्मेषशालिनी' प्रज्ञा म्हटले, म्हणजे जिचे डोळे पुन्हा पुन्हा नव्याने उघडतात ती. उन्मेष म्हणजे 'उमलणे' एवढेच सांगून थांबणारे यातला डोळाच गाळतात.

माझ्या मते तुमचा सगळा विषय त्या डोळ्यात आहे. अर्थशास्त्रज्ञ माल्थसने १७९८ साली माणसांकडे खाणारी तोंडे म्हणून पाहिले. मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली उलट मांडले : माणसे जास्त, तर काही नवे सुचणारेही जास्त. अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमरच्या १९९० च्या मांडणीत त्याचे मर्म सापडते. कुदळ एका वेळी एकाच्याच हातात असते. गुणाकाराची रीत कोट्यवधी लोक एकाच क्षणी वापरतात, ती झिजत नाही. एकाचा डोळा उघडला की बाकीच्यांना दिसू लागते. अर्थात नुसती डोकी मोजून भागत नाही. शिक्षण नाही, संशोधनाला वाव नाही, तर पापण्या मिटलेल्याच राहतात.

नवप्रवर्तनवाले शुम्पेटर या अर्थशास्त्रज्ञाला पुढे करतील : शोध लागणे वेगळे, तो व्यवहारात आणणे वेगळे, आणि 'प्रवर्तन' हा भेद पाळते. उद्योजकाबद्दल लिहाल तेव्हा तो शब्द खुशाल वापरा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाढीचे मूळ सांगताना तो फक्त दुसरा टप्पा सांगतो आणि पहिला गिळतो. परिभाषा करणाऱ्यांना हे दिसू नये?

आणि हो, 'वाढ' लिहिताना एकूण उत्पन्नाची की दरडोई, ते पहिल्याच वाक्यात सांगा. माणसे वाढली म्हणून एकूण आकडा फुगेल. दरडोई वाढेलच असे नाही.