शोरूमला जाण्याआधी शेकडा तीनचा हिशोब

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, वय २९. बुटीबोरी एमआयडीसीत ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर आहे. पगार १७,०००, हातात १४,९०० येतात. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलतात. बुटीबोरीतच तिघांत मिळून खोली केली आहे. गावी आईबाबा, बायको, तीन वर्षांची मुलगी आणि चार एकर कोरडवाहू. कपाशी, सोयाबीन, त्यात तूर. माझा मित्र नागपुरात जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो, महिन्याला २५,००० कमावतो. त्याच्या अ‍ॅपवर पाहिलं, एका ऑर्डरला सरासरी ३५ रुपये आणि संध्याकाळच्या चार तासांत आठ-नऊ ऑर्डरी होतात. ड्युटी सुटल्यावर मीही करावं म्हणतो. गाडी १,०५,००० ची. २०,००० भरायचे, बाकी ३,१४० चे ३६ हप्ते. पोस्टातल्या आरडीचे ६०,००० नुकतेच मिळाले आहेत. अडीच वर्षांआधी दुबार पेरणीच्या वेळी गावातल्या एकाकडून ४०,००० महिना शेकडा तीननं घेतले, ते चालूच आहेत. कागद नाही, त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आहेत. बायको पिको-फॉलची मशीन मागते, १४,००० ची. पण खेड्यात तिला काय गिऱ्हाईक मिळणार? पगारात भागत नाही जी. गाडी घेऊ का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात गाडीबद्दल अर्धं पान आहे आणि शेकडा तीनबद्दल एक ओळ. मला ती एक ओळच आधी दिसली. पण तुम्ही गाडीचं विचारलं आहे, तर सुरुवात गाडीनंच करू.

मित्राचे २५,००० खोटे नाहीत. फक्त तो नागपुरात राहतो, त्याला दुसरी ड्युटी नाही आणि तो दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत रस्त्यावर असतो, हे तुम्ही हिशोबात धरलेलं नाही. शिवाय ते २५,००० पेट्रोल वजा करायच्या आधीचे आहेत की नंतरचे, हेही त्याला एकदा विचारा. बहुतेक पोरं अ‍ॅपवर दिसणारा आकडा सांगतात.

आता तुमचं पाहू. पहिली शिफ्ट तीनला सुटली. ऑर्डरी पडतात त्या भागात, म्हणजे मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगरकडे जायला बुटीबोरीहून पंचवीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन ५०. नऊ ऑर्डरी धरल्या आणि प्रत्येकीला हॉटेलपर्यंत, तिथून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत आणि परत चौकात यायला मिळून ७ किलोमीटर धरले, तर ६३. एकूण ११३ किलोमीटर. सिग्नलवर थांबत-थांबत गाडी लिटरला ४५ देईल, म्हणजे अडीच लिटर पेट्रोल. १०५ चा भाव धरा, २६४ रुपये झाले. कमाई नऊ गुणिले ३५, ३१५. हाती राहिले ५१ रुपये, आणि टायर, ऑइल, सर्व्हिसिंग अजून त्यातूनच काढायचं आहे.

आणि हे रोज नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ तुम्हाला फक्त पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात सापडते. दुसऱ्या शिफ्टला तुम्ही अकरापर्यंत मशीनवर. नाइटच्या आठवड्यात मोह होईल, की संध्याकाळी सहा ते साडेनऊ ऑर्डरी मारू आणि अकराला कामावर जाऊ. तो मोह आवरा. न झोपता प्रेस मशीनसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या शॉपमध्ये बोटं गेलेला एखादा माणूस असेलच. म्हणजे महिन्यातले फार तर नऊ दिवस. नऊ गुणिले ५१ म्हणजे ४५९. हप्ता ३,१४०.

नागपुरात खोली घेतली तर? मग तेच ५० किलोमीटर ड्युटीला जायला-यायला लागतील आणि खोलीचं भाडं एकट्याच्या डोक्यावर येईल. गणित तेच.

हप्त्याचंही एक बोलतो. शोरूममधल्या माणसानं तुम्हाला ११ टक्के व्याज सांगितलं असणार, कारण ८५,००० वर ११ टक्क्यांनी तीन वर्षांचं सरळ व्याज २८,०५० होतं आणि हप्ता बरोबर ३,१४० येतो. पण हे व्याज पूर्ण ८५,००० वर पूर्ण तीन वर्षं लावलेलं आहे. तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकोणीस टक्क्यांच्या वर जातो. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद आधी द्यावा, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पुढे कधीही हप्त्यावर काही घेतलंत तर आधी तो कागद मागा, गाडीचा रंग नंतर निवडा.

विम्याचंही बघा. घरगुती वापराच्या दुचाकीची पॉलिसी भाड्यानं माल पोचवताना झालेल्या अपघाताला लागू होत नाही, असं बहुतेक पॉलिसींत लिहिलेलं असतं. ऑर्डर पाठीवर असताना गाडी घसरली तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. अशी एक फाइल माझ्याकडे आली होती. मुलगा वाचला, गाडी भंगारात गेली, हप्ते मात्र पुढचे चौदा महिने चालू होते.

तर गाडी नको. तुमच्याजवळ आधीच गाडी असती, शिफ्ट कायम सकाळची असती आणि राहणं नागपुरातच असतं, तर मी नक्की ‘करा, फक्त मे महिन्याची दुपार टाळा’ असं म्हटलं असतं.

आता ती एक ओळ. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. अडीच वर्षांचे महिने ३०. तुम्ही आजवर ३६,००० व्याज दिलंय आणि ४०,००० मुद्दल जागच्या जागी आहे. वर्षाला ३६ टक्के! तुमच्या आरडीवर पोस्टानं सहा-सात टक्के व्याज दिलं असेल. म्हणजे एका खिशात सहा-सात टक्क्यांनी पैसे जमवत होता आणि दुसऱ्या खिशातून छत्तीस टक्क्यांनी देत होता. रागावू नका, असं करणारे तुम्ही एकटे नाही. ‘साठवलेले पैसे मोडायचे नाहीत’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि व्याज दर महिन्याला थोडं-थोडं जातं म्हणून डोळ्यांत येत नाही.

आरडीच्या ६०,००० मधून ४०,००० या आठवड्यातच परत करा. त्या दिवसापासून महिन्याला १,२०० तुमच्या घरात राहतील. पेट्रोल नाही, हेल्मेट नाही, रात्रीचे अकरा नाहीत. आजच्या घडीला तुमच्यासाठी याहून चांगला जोडधंदा मला तरी दिसत नाही. उरलेले २०,००० बचत खात्यात राहू द्या. मुलीचा ताप, बैलाचं दुखणं, असं काही आलं तर पुन्हा त्याच दारात जावं लागू नये म्हणून.

पण पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरणी फसली तर? इथे बाबांच्या पीककर्जाकडे पाहायला हवं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षं त्याच रकमेवर नवं-जुनं होत राहतं, म्हणजे जुनं फेडून लगेच तेवढंच नवं काढलं जातं, मर्यादा वाढवून मागायला कुणी जात नाही. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्क्यानं पडतं. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला काही गहाण ठेवावं लागत नाही. सातबारा, आठ-अ आणि पेऱ्याची नोंद घेऊन बाबांसोबत एका रजेच्या दिवशी बँकेत जा. मॅनेजर दोन-तीनदा फिरवेल, फिरा. मात्र या कर्जाला हात फक्त शेतीसाठी, आणि माफीच्या आशेवर थकवायचं नाही. एकदा थकलं की शून्य टक्के गेले, नवं कर्जही गेलं, आणि माणूस परत शेकडा तीनच्या ओसरीवर जाऊन बसतो.

वरकमाईच हवी असेल, तर ती तुमच्या कंपनीच्या गेटच्या आतच आहे. कायद्यानं ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. १७,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे तासाला साधारण ८२ रुपये. दुप्पट १६३. महिन्यात २४ तास मिळाले तरी ३,९०० होतात, आणि जायला पेट्रोल लागत नाही. अडचण अशी की कित्येक ठेकेदार ओव्हरटाइमही साध्याच दरानं देतात आणि पोरं गुपचूप घेतात. तुमची पगाराची स्लिप काढून बघा. दुप्पट लिहिलेलं नसेल तर एकटे भांडायला जाऊ नका, चार-पाच जण मिळून आधी सुपरवायझरला आणि मग एचआरला विचारा.

बायकोच्या मशीनचं तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. मला उलट वाटतं. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत लग्नसराई, प्रत्येक साडीला फॉल-पिको लागतो, आणि तुमच्या गावच्या बाया त्यासाठी आज कुठे जातात? सेलूला जात असतील तर एसटीचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. घरातलं कौशल्य आहे, गिऱ्हाईक चालत दारात येतं. पण अंदाजावर १४,००० घालू नका. वहिनींना सांगा, महिनाभर गावातल्या आणि आजूबाजूच्या दोन गावांतल्या साड्या, ब्लाउज किती बाहेर जातात ते वहीत लिहून ठेवा. आठवड्याला दहाच्या वर साड्या दिसल्या तर मशीन घ्या. आणि ती तुमच्या २०,००० मधून नको. त्या बचत गटात असतील तर गटातून शेकडा एकनं उचला. व्याज गटातच राहतं. वाचलेल्या १,२०० मधून साधारण वर्षभरात ते फिटेल.

तुरीचंही एक डोक्यात आलं. पाच क्विंटल तूर होत असेल, तर सगळी व्यापाऱ्याला न घालता एक क्विंटल गावाजवळच्या मिनी दाल मिलवर भरडून बघा. सत्तरेक किलो डाळ निघते, उरलेली टरफलं-चुरा म्हणजे चुनी बैलांना. बुटीबोरीत तुमच्यासारखी शेकडो पोरं बाहेरच्या दुकानातून डाळ घेतात. किलोमागं फार सुटणार नाही, भरडाई आणि पोती वजा जाता क्विंटलला हजारेक रुपये. अन्न परवान्याची छोटी नोंदणी मात्र करून घ्या. आणि उधारी नाही. माझ्या एका आतेभावानं ऑफिसात ‘पगार झाला की द्या’ म्हणून संत्री विकली. पेट्या सगळ्या संपल्या, पैसे पोळ्यापर्यंत गोळा करत होता.

सध्या कपाशीची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत आणि किलोमागं भाव वाढवून मागतात. रविवारी गावी जाऊन तीसेक किलो वेचलात तर तेवढी मजुरी घरात राहते. नागपूरच्या रस्त्यावर नऊ ऑर्डरींनंतर उरणाऱ्या ५१ रुपयांपेक्षा ती नक्कीच जास्त असेल. मुलगीही दिसेल.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही ‘मोबाईलवर हॉटेलला रेटिंग देऊन पैसे मिळतात म्हणे, आणि ऑप्शनमध्येही’ असं लिहिलंय. रेटिंगवाले सुरुवातीला दीडशे-दोनशे देतात आणि मग तुमचेच हजारो अडकवतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. शेअर बाजारातल्या ऑप्शनचं म्हणाल, तर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासात वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ साध्या माणसांचं नुकसान झालेलं दिसलं. दोन्हींकडे फिरकू नका.

बँकेत जाल तेव्हा वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तुमच्या, वहिनींच्या आणि बाबांच्या खात्यावर सुरू करून घ्या. सत्तरीपर्यंत घेता येते, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात.

राहिलं ४०,००० परत करायचं. रोख देऊ नका, यूपीआयनं किंवा खात्यावर पाठवा, म्हणजे पुरावा राहील. त्यानं खाते क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर समजा की त्याच्याकडे सावकारीचा परवाना नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते. हे त्याला धमकी म्हणून ऐकवू नका, गावात राहायचं आहे. फक्त तुम्हाला माहीत असू द्या. दोन माणसं सोबत न्या, ‘मुद्दल-व्याज पूर्ण मिळाले’ असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. आणि ते दोन कोरे चेक त्याच बैठकीत हातात घ्या. ‘चेक घरी आहेत, उद्या देतो’ म्हणाला, तर पैसेही उद्याच द्या.