मुंबईत सेकंडहँड एमव्ही अगुस्टा एफ३ ८०० घ्यावी का?

बंगळुरू पासिंगची एफ३ ८०० ही इटालियन स्पोर्ट्स बाइक मिळतेय, तुम्ही राहता मुंबईत, आणि हिच्यापेक्षा एखादी जपानी गाडी बरी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे हीच गाडी आहे, मी अंधेरीत राहतो. रोज ऑफिसला न्यायची असेल तर जपानीच घ्या. मन या गाडीवरच बसलं असेल तर हीच घ्या, फक्त आधी कागद, मग पार्ट्सची सोय, मग गाडी हा क्रम सोडू नका.

पैसे बुडतात ते कागदांत. कायनेटिक ग्रुपच्या मोटोरॉयलने २०१६ मध्ये ही गाडी अधिकृतपणे भारतात विकायला आणली, त्यामुळे त्या मार्गाने आलेल्या गाडीचं डीलरचं मूळ बिल असायला हवं. ते नसेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात केल्याचा कागद, मागा. त्यावरचा चेसिस नंबर आणि हँडलच्या मुळाशी फ्रेमवर कोरलेला नंबर स्वतः टॉर्च धरून अक्षर न् अक्षर ताडून बघा. इटलीच्या गाडीचा नंबर ‘झेड’ने सुरू होतो. एवढी खातरजमा कशाला? पर्यटकाने कार्नेवर (गाडी परत न्यायच्या अटीवर तात्पुरती आणायचा कागद) ड्युटी न भरता आणायची, परत न्यायचीच नाही आणि इथे विकून टाकायची, असे प्रकार विदेशी बाइक्सच्या बाबतीत झालेले आहेत. आरसी वरवर चोख दिसते. डीआरआयने (तस्करी पकडणारं केंद्राचं खातं) पकडली की गाडी जप्त होते आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही. ‘पेपर आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नका.

बंगळुरूची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. तिथला उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण त्यासाठी चकरा मारायची तयारी ठेवा. हे सगळं धरूनच भाव करा.

गाडी बघायला जाताना ‘इंजिन गार ठेवा’ हे फोनवरच सांगा. तुम्ही पोहोचायच्या आत कोणी ती गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्टर दाबल्यावर इंजिनाने पटकन पकडलं पाहिजे. आतून खरखर आवाज येऊन स्टार्टर नुसताच घसरत असेल तर स्प्रॅग क्लचवर, म्हणजे स्टार्टरचा जोर इंजिनाला देणाऱ्या एकतर्फी क्लचवर, संशय घ्या. या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं ते ओळखीचं दुखणं आहे, आणि मालकाने तो बदलला असेल तर त्याचं बिल दाखवायला सांगा.

इथली अधिकृत विक्री आता बंद आहे. ब्रेक ब्रेंबोचे आहेत, पॅड मुंबईत मिळून जातात. फेअरिंग, रेडिएटर, लिव्हर मात्र परदेशातून मागवायचे, वर ड्युटी भरायची आणि वाट बघायची. त्यामुळे हे इंजिन ज्याने आधी उघडलंय असा मेकॅनिक व्यवहाराआधीच गाठा. तो नसेल तर खरं सांगतो, थांबा.

मुंबईत चालवायची कुठे? सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुण्याचा एक्सप्रेस वे, सगळीकडे दुचाकीला बंदी. दहिसर नाक्याच्या रांगेत मीटरवरचं तापमान शंभरीकडे चढत जातं, रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि ती गरम हवा थेट मांड्यांवर येते. पावसाळ्यात दमट खारी हवा वायरिंगचे कनेक्टर खाते. मी ते काढून क्लीनर मारतो, ओलावा रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवतो. पार्किंगमध्ये सॉकेट नसेल तर सोसायटीशी आत्ताच बोलून घ्या.

आणि तरीही मी घ्या म्हणतोय ते जुन्या मुंबई-पुणे हायवेसाठी. पहाटे खोपोली सोडून खंडाळ्याच्या घाटाला लागा. हिचा क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) चाकांच्या उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे फिरत्या चाकांचा गाडीला झुकू न देणारा जोर कमी होतो. डाव्या वळणातून उजव्यात गाडी अशी झुकते की हात फक्त हँडलवर टेकवायचे. ड्राय वजन (पेट्रोल-ऑइल न धरता) १७३ किलो, ताकद १४८ हॉर्सपॉवर, आणि ती पूर्ण मिळते १३,००० आरपीएमला. घाटात तेवढी कधीच लागत नाही. मधल्या आरपीएमला थ्रॉटल किंचित उघडला की उजवीकडच्या तीन नळ्यांतून जो आवाज येतो, तसा मी दुसऱ्या कुठल्याच गाडीचा ऐकलेला नाही.

तुमच्या गाडीचं मूळ बिल निघालं, चेसिस नंबर जुळला आणि गार इंजिन नीट सुरू झालं, तर उगाच घासाघीस करत बसू नका. चांगल्या ठेवलेल्या एफ३ इथे फार कमी विक्रीला येतात.